हळद उतरवल्याशिवाय आत घेत नाहीत

माझ्या भावाच्या अंगावरची हळद निघायला पाऊण तास लागला. हळदीत आम्ही तेल घालतो, आणि अंगाला तेल असलेला माणूस उपचाराच्या त्या लोखंडी टाकीत घेत नाहीत, कारण आत ऑक्सिजन असतो आणि तेल पेट घेतं. हे मला तिथल्या ब्रदरने दारातच सांगितलं. मग त्याने बादलीत गरम पाणी घेतलं, साबण घेतला, आणि माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या भावाला स्टीलच्या टेबलावर उघडा करून घासायला सुरुवात केली. भाऊ पूर्ण शुद्धीत होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, म्हणून ब्रदर पाय घासत होता तेव्हा तो छताकडे बघत राहिला. हात छातीकडे आला की डोळे मिटून घ्यायचा.

हळद उतरली तसे खालचे डाग दिसायला लागले. पोटावर, पाठीवर, दोन्ही खांद्यांवर फिकट जांभळे, जाळी पडल्यासारखे डाग. ब्रदरचा हात थांबला. "हे कधीपासून आहे?" त्याने विचारलं. भावजय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं. एका दिवसाहून जास्त वेळ ते डाग हळदीखाली होते, आणि त्या हळदीचा पहिला हात माझा होता.

मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. विषय मराठी, पण खरं काम बहाणे ओळखायचं. पोट दुखतंय, वही घरी राहिली, आजी वारली. एकाच पोराच्या तीन-तीन आज्या वारलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलाने तोंड उघडायच्या आत तो खोटं बोलणार की नाही हे मला कळतं, असा माझा समज होता आणि शाळेत तो कुणी खोडला नाही. घरी तर खोडायची कुणाची टाप नव्हती. माझे मिस्टर फार बोलत नाहीत. मी घरात असल्यावर त्यांना बोलायला जागा उरत नाही, असं मुलगा म्हणतो.

भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आमचं माहेर सारसोळ्याचं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्यामुळे त्याला मीच वाढवला. वाढवला म्हणजे बडवला. माझं लग्न होऊन मी दिवाळे गावात आले तरी तो अर्धा आठवडा माझ्याच घरी असायचा, आणि माझ्या मुलाला त्यानेच खांद्यावर घेऊन खाडीकाठी फिरवला. खाडीत मासे उरले नाहीत तेव्हा गावातल्या पोरांनी कुणी टेम्पो घेतला, कुणी जमिनीच्या मोबदल्यात बिल्डिंग उठवली. हा पाण्यातच राहिला. पाणबुड्या झाला. जेटीचे खांब पाण्याखाली तपासायचे, त्यांना चढलेला कालवांचा थर खरवडायचा, कुठे भेग असेल तर भरायची, असलं काम. पाण्याखालून वर येताना वाटेत दोन ठिकाणी दोरी धरून थांबायचं असतं, ठरलेली मिनिटं. तो मला हे सांगायचा तेव्हा मी ऐकल्यासारखं करायचे.

तो प्यायचाही. पुष्कळ वर्षं प्यायला. दोन वर्षांपूर्वी त्याने सोडली आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी ठेवला नाही. त्याच्या तोंडावर तसं सांगितलंही होतं, की तुझी सोडायची तारीख मला पाठ झालीय, आता सुरू करायची तारीख सांग. तो हसला होता.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला लोक जेवून जातात, हळदीला राहतात. आणि आमच्या घरची रीत अशी की नवरदेवाने हळदीच्या पाटावर चालत जायचं नाही. मामाने त्याला खांद्यावर उचलून घ्यायचं, मांडवात नाचत तीन फेऱ्या मारायच्या आणि मग पाटावर उतरवायचं. मामा आल्याशिवाय हळदीचं बोट लागत नाही.

हळद दुपारी चारची. भाऊ त्या दिवशी उरणच्या बाजूला कामावर होता. सुट्टी घे म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते. त्याने एका दिवसाचीच घेतली, लग्नाची. हळदीला वेळेत येतो म्हणाला. अकरा वाजता मी त्याला पहिला फोन केला. फोन बोटीवरच्या मुकादमाने उचलला. "तो खाली हाय, बाई." बारा वाजता पुन्हा केला. पुन्हा खालीच. मांडवात बायका येऊन बसायला लागल्या होत्या, लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी म्हातारी दोनदा चहा पिऊन झाली होती, आणि प्रत्येक जण मला एकच विचारत होता, मामा कुठाय? दीड वाजता मी तिसरा फोन केला. मी मुकादमाला म्हटलं, "त्याला सांगा, चारच्या आत दिसला नाय तर माझं दार त्याला कायमचं बंद. आनि वर आल्यावर नका सांगू. आत्ता सांगा."

पाणबुड्यांच्या डोक्यावरच्या टोपात बोलायची वायर असते. निरोप पाण्याखाली गेला. पुढे मुकादम म्हणाला की त्याने भावाला थांबे घेऊनच ये असं बजावलं होतं. भाऊ म्हणतो, त्याने तसं काही बजावलं नाही. कोण खरं बोलतोय ते मला आजवर कळलेलं नाही. निरोप पोहोचला होता यावर मात्र दोघांचं एकमत आहे. सत्तर फुटांवर अडीच तास काम केलेला माणूस वाटेत कुठेही न थांबता वर आला, टोप काढला, कपडे बदलले आणि माझ्या मुलाच्या हळदीला निघाला.

चारला दहा मिनिटं असताना तो फाटकाशी आला. मांडवाचा बांबू धरून उभा राहिला. चेहरा उतरलेला होता आणि तो सारखा खांदा खाजवत होता. मी हातात हळदीचं ताट घेऊन बायकांमध्ये उभी होते. त्याने मला हाताने बोलावलं. मी गेले नाही, मग तोच आला, एकेक पाऊल जपून टाकत.

"ताय, पाय भारी जालेत," तो म्हणाला. "मुंग्या येतात. पोटाला पट्टा आवळल्यावानी वाटतं. जरा बसू दे मना."

मी चाळीस माणसांत मोठ्याने म्हटलं, "आज तरी ढोसायची नव्हती."

बायका हसल्या. तो म्हणाला, "नाय गो. घेतली नाय. आन तुझी."

मी त्याच्या अगदी जवळ गेले, नाकाला नाक लागेल इतकी. शाळेच्या शिपायाला मी असंच पकडलं होतं. भावाच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. रबराचा होता आणि खाऱ्या चिखलाचा. हे मला तेव्हाच कळलं, त्याच क्षणी. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण मी चाळीस माणसांत बोलून बसले होते, आणि बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही. त्यात मी तीन तास लोकांना उत्तरं देऊन चिडलेली होते. मी त्याच्या मुस्काटात मारली. हात हळदीने भरलेला होता, तो तसाच गालावर उमटला.

लोकांना वाटलं हळद सुरू झाली. आधी माझी जाऊ आली, मग सगळ्याच आल्या. कुणी त्याचा सदरा वर केला, कुणी पाठीला लावली, पोटाला लावली, मानेला लावली. तो मध्ये उभा राहून हलत होता आणि सगळ्या म्हणत होत्या, बघा, मामाला कशी चढलीय. त्या वेळी त्याच्या अंगावर डाग उठले असतील तर ते पाच मिनिटांत पिवळे झाले.

मग मी त्याला मुलाकडे ढकलला. तो मुलाला म्हणाला, "जरा थांब रं," आणि मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मानेने खूण केली, बस. मुलगा त्याच्या खांद्यावर बसला. तो चांगला अंगाचा आहे, बँकेत बसून बसून झालेला. भाऊ त्याला घेऊन उठला. कसा उठला ते मला आजही समजत नाही. डीजे वाजायला लागला. अर्धी फेरी झाली आणि दुसऱ्या बांबूपाशी त्याचे गुडघे दोन्हीकडे गेले. मुलगा उडी मारून पायांवर उभा राहिला. भाऊ खाली पडला तो तोंडावर. मांडव हसून हसून लोटपोट झाला. दोघांनी त्याला बगलेत धरून उठवला आणि तसाच नाचवला, पाय मागे घसटत, आणि कुणीतरी त्याचं शूटिंग केलं. तो व्हिडिओ अजून गावच्या ग्रुपवर असेल. त्यात मी पण आहे. मी टाळ्या वाजवतेय.

फेऱ्या चुलत मामाने पुऱ्या केल्या. भावाला मागच्या खोलीत नेऊन टाकला. उतरेल सकाळपर्यंत, असं मीच म्हणाले.

सकाळी दहाच्या सुमाराला भावजय माझ्याकडे आली. मी भावाच्या त्या खोलीच्या दाराशीच उभी होते, कपाटातून दागिने काढून. गाड्या बाहेर लागल्या होत्या, वऱ्हाड निघायच्या बेतात. ती फार बोलणाऱ्यातली नाही. नेरूळच्या बाजारात मासे विकते, तिथेही गिऱ्हाईकाशी कमीच बोलते. ती म्हणाली, "वन्सं, यांनी कालपासून लघवी केली नाय. पाय थंड पडलेत. मी चिमटा घेतला तरी समजत नाय यांना."

मी म्हटलं, "साडेबाराचा मुहूर्त हाय. अक्षता पडू दे. मग नेऊ."

"मी एकटीच रिक्षानं नेते."

"मामी कुठं गेली म्हनून लोक विचारतील तेव्हा काय सांगू? मुलीकडची मानसं काय म्हनतील? आजच्या दिवशी घरात दवाखाना नको. उतरली नाय त्याची, दुसरं काय नाय."

 ती साडी बदलायला गेली. लग्नात ती मामी म्हणून मुलाच्या मागे उभी होती, हातात दिवा घेऊन. लोकांनी मामाचं विचारलं. मी म्हटलं, मामाला काल जास्त झाली. लोक हसले. साडेबाराला अक्षता पडल्या. त्यानंतर जेवणं, फोटो, मुलीची पाठवणी. घरी यायला तीन वाजले.

तो जसा सोडला होता तसाच होता. फक्त पोट फुगून टणक झालं होतं आणि अंथरूण भिजलं होतं.  माझ्या मुलाने, कपाळावर अजून मुंडावळ्यांचा दोरा, त्याला हातांवर उचलून गाडीत ठेवला.

बेलापूरला एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं. तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची पोरगी होती. तिने आधी नळी घालून लघवी काढली. पाय ठोकून पाहिले, सुई टोचून पाहिली. मणक्याचं काही असेल म्हणाली, मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता विचारलं, काम काय करतात? भावजय म्हणाली, पाणबुड्या. त्या पोरीने पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

अशा रीतीने आम्ही त्या टाकीच्या जागी आलो. एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल, त्यात पांढरी रंगवलेली लोखंडी टाकी, टेम्पोएवढी, बाजूला गोल जाड काचा. तिथले डॉक्टर नौदलातून निवृत्त झालेले होते, सावकाश बोलायचे. त्यांनी मला सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. हळूहळू वर आलं तर तो श्वासातून निघून जातो. एकदम वर आलं तर बाटलीचं बूच काढल्यासारखं, अंगातच बुडबुडे उठतात. यांच्या पाठीच्या मज्जारज्जूत उठलेत. आता यांना या टाकीत घालून पुन्हा साठ फूट पाण्याखाली असल्याइतका दाब द्यायचा, शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि मग सावकाश वर आणायचं. साधं आणि बरोबर उदाहरण होतं, वर्गात मी असंच दिलं असतं. मी विचारलं, "चालेल ना तो?"

"पहिल्या काही तासांत आणतात तेव्हा बरेच जण चालत घरी जातात," ते म्हणाले. "काल संध्याकाळी आणला असता तर मी तुम्हाला हो म्हटलं असतं. आज सकाळीसुद्धा थोड्या खात्रीने बोललो असतो. आता बघू."

आज सकाळीसुद्धा. हे शब्द भावजयीने ऐकले. ती माझ्याकडे वळून बघेल म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले, पण ती वळली नाही.

त्याला सुती कपडे घातले. ब्रदरही त्याच्याबरोबर आत गेला. दार लागलं आणि हवेचा मोठा आवाज सुरू झाला. गोल काचेतून भावाचा फक्त चेहरा दिसत होता, नाकातोंडावर मास्क. दाब वाढला की आत उकडतं. ब्रदर त्याला थुंकी गिळायला सांगत होता, कान मोकळे करायला सांगत होता. बाहेर भिंतीवर स्पीकर होता, आतलं सगळं हॉलभर ऐकू यायचं. भाऊ ब्रदरला म्हणाला, "हे शिकवू नको, माझा धंदा हाय हा," आणि डॉक्टर हसले. पाच तास आम्ही खुर्च्यांवर बसलो. मधूनमधून मास्क काढून त्याला साधी हवा देत, तेव्हा तो पाणी मागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. त्याने स्वतःहून हलवून दाखवला. माझा मुलगा आणि नवी सून नमस्काराला आले होते, ती पोरगी हातात चुडा घालून टाळ्या वाजवायला लागली. मला रडू आलं. मी मनात म्हटलं, सुटले मी. तो वाचावा असं नंतर वाटलं. आधी आलं ते हेच, की मी सुटले. देवाला नारळ बोलून टाकला.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्यांदा त्याला टाकीत घातलं. ठेकेदाराचा माणूस आला होता, फळांची पिशवी घेऊन, चहा पीत आमच्या शेजारी बसला होता. मुलगाही होता. मास्क काढायची वेळ झाली तेव्हा डॉक्टरांनी माईकवर भावाला विचारलं, "मला केसपेपर पुरा करायचा आहे. वर आल्यावर त्रास कधी सुरू झाला? आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दवाखान्यात का नाही गेलात?"

 भाऊ स्पीकरवर म्हणाला, "मी प्यालो व्हतो, डॉक्टर. येताना वाटंत. त्याच्यामुलं कुनाला समजलं नाय."

डॉक्टर आमच्याकडे वळले. "प्यायले होते?"

मी मान हलवली. कुणी बळजबरी केली नव्हती, नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी हो म्हणून मान हलवली. भावजय उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसली. ठेकेदाराच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला आणि केसपेपरची कॉपी मिळेल का असं विचारलं. पुढे त्यांच्याकडून पत्र आलं की कामगार दारू पिऊन पाण्यात उतरला, सबब आमची काही जबाबदारी नाही. येताना प्यायलो असं तो म्हणाला होता, उतरताना नाही. पण एकदा कागदावर दारू आली की आधी की नंतर हे कुणी बघत नाही, हे मला शाळेच्या अनुभवावरून माहीत होतं.

पुढे रोज दोन तास त्याला टाकीत घालायचे, आणखी चार-पाच पेशंटांबरोबर. ब्रदर रोज त्याच्या केसांना हात लावून बघायचा, तेल आहे का. बरोबर एक मार्केटमधला कांद्याचा व्यापारी असायचा, साखरेमुळे पायाला न भरणारी जखम झालेला. तो भावाला रोज धीर द्यायचा, मला डाव्या पायाचा पत्ता नव्हता, आता बघा. खरोखरच त्याची जखम भरली. शेवटच्या दिवशी तो चालत सगळ्यांना पेढे वाटत फिरला. माझ्या भावाच्या हातावर त्याने दोन ठेवले. भावाने दोन्ही खाल्ले आणि मला म्हणाला, चांगले हायत.

अंगठ्याच्या पुढे काहीही हललं नाही. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आणि भावजयीला आत बोलावलं आणि आता यातून आणखी काही निघणार नाही असं सांगितलं. त्यांनी ते आडवळणाने सांगितलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. भावजयीने विचारलं, लघवीची नळी कायमची का? ते म्हणाले, हो.

आता तो सारसोळ्याला घरी असतो. खाट खिडकीशी लावली आहे. भावजय पहाटे बाजाराला जायच्या आधी त्याला कुशीवर वळवून जाते आणि आली की पुन्हा वळवते. मी दर रविवारी जाते. ती मला पाणी देते आणि दुसऱ्या खोलीत जाते. गावात कुणी भेटलं की म्हणतं, दारूने घर बुडवलं बघा. मी काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी ठरवून गेले. सुनेला दिवस गेले होते, ती बातमी द्यायची होती आणि त्याआधी माझ्या पोटातलं काढायचं होतं. भावजय बाजारात होती. मी त्याच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं. की तुझ्या तोंडाला वास नव्हता हे मला माहीत होतं. की लग्नाच्या सकाळी दहा वाजता तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं होतं, ती एकटी न्यायला तयार होती, आणि मी तिला अडवलं.

तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "म्हाईत हाय. दार उघडंच व्हतं."

 मी विचारलं, "मग डॉक्टरला दारूचं कशाला सांगितलंस?"

"तुझा पोरगा हुबा व्हता तिथं. त्याच्या लग्नापायी माझे पाय गेले हे त्याला कशाला समजाया पायजे? आनि तू चाळीस मानसांत सांगून बसलेली."  मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी हाक मारलेली तुला, ताय. तू बगितलंस."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

तो म्हणाला, "बरं."

मला आठवतं. इथवर मी सगळं लिहिलं, हे तेवढं लिहिलं नव्हतं. लग्नाच्या त्या सकाळी भावजय साडी बदलायला गेल्यावर आतून हाक आली. "ताय." एकदाच, मोठ्याने नाही. मी आत बघितलं. तो कोपरांवर उठायला बघत होता, गालावर माझी पाच बोटं वाळली होती. त्याने हात पुढे केला. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. दुपारी पाहुणे परत आले की कुणी चुकून त्या खोलीत शिरेल, आणि नव्या सुनेसमोर शोभा होईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. मग आरशासमोर जाऊन नथ घातली आणि गाडीत बसले.